आवृत्ती ३.२१

२८ मार्च २०१० रोजी सोनी कंपनीने प्लेस्टेशन ३च्या ग्राहकांसाठी एक छोटी घोषणा केली. १ एप्रिलला ३.२१ ही नवी आवृत्ती येईल, तिच्यामुळे ‘इन्स्टॉल अदर ओएस’ ही सोय बंद होईल, आणि त्याचं कारण सुरक्षा. तारीख एप्रिल फूलची असली तरी मामला थट्टेचा नव्हता.

२००६ साली हे यंत्र बाजारात आलं तेव्हापासून त्यावर लिनक्स चढवता येत असे. त्यातला सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला ‘सेल’ प्रोसेसर आकडेमोडीत दणकट होता, आणि ताकदीच्या मानाने यंत्र स्वस्त पडायचं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७मध्ये अशी आठ यंत्रं जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवायला घेतली. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला. बाकी कित्येक जण घरातल्या टीव्हीसमोर बसून त्यावर प्रोग्रॅमिंग शिकत होते.

सप्टेंबर २००९मध्ये आलेल्या ‘स्लिम’ मॉडेलमध्ये ही सोय नव्हती. त्यावर नाराजी असू शकते, पण घेणाऱ्याला काय मिळणार हे आधीच ठाऊक होतं. ३.२१ने मात्र विकलेली वस्तू लोकांच्या घरात शिरून कमी केली.

सोनीची भीती खोटी नव्हती. जानेवारी २०१०मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने लिनक्सच्या आधारे आणि थोडी विजेची करामत करून यंत्राच्या राखीव गाभ्यापर्यंत पोचल्याचं जाहीर केलं होतं. तिथून पुढे चोरीचे गेम चालवणं फार लांब नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करताना मला ही कोंडी ओळखीची वाटते. भोक बुजवायला महिने लागतात, अख्खा दरवाजा काढून भिंत बांधायला एक दिवस पुरतो. वापरणारे थोडेच असले, तर बैठकीत भिंतीचाच विजय होतो.

पण इथे सुरक्षा कोणाची होती? माझ्या खात्यात चोर शिरू नये म्हणून लावलेलं कुलूप वेगळं, आणि मीच माझ्या यंत्रात शिरू नये म्हणून लावलेलं वेगळं. ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोन्ही कुलपांवर चिकटवला जातो, आणि वापरणाऱ्याला फरक कळायला मार्ग उरत नाही.

अपडेट कागदोपत्री ऐच्छिक होतं. नाकारलं, तर ऑनलाइन खेळ बंद आणि नवी आवृत्ती मागणारे पुढचे गेमही बंद. दोन्ही गोष्टींचे पैसे भरलेल्या माणसाला आता त्यातली एकच निवडायची होती. लिनक्स हवं असलेले जुन्या आवृत्तीवर थांबले. हवाई दलाची यंत्रं सोनीच्या नेटवर्कवर नसल्याने ती चालत राहिली, पण बिघडलेल्याच्या जागी तसंच दुसरं आणायचं कुठून, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आला.

खरं उत्तर डिसेंबर २०१०मध्ये मिळालं. बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने दाखवलं, की सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी नवी लागणारी यादृच्छिक संख्या प्रत्येक वेळी तीच वापरली गेली होती. अशा दोन सह्या हाती असल्या, की साध्या बीजगणिताने गुप्त किल्ली काढता येते. गटाचं म्हणणं होतं, की त्यांना लिनक्स परत हवं होतं. ते चालत होतं तोवर, कुलूप फोडू शकणाऱ्या मंडळींना ते फोडायची गरजच वाटली नव्हती. सुरक्षेसाठी बांधलेल्या भिंतीनेच जाणकारांना हातोडा उचलायला लावला.

जानेवारी २०११मध्ये हॉट्झने मुख्य किल्ली जाहीर केली, सोनीने खटला भरला आणि काही महिन्यांत तडजोड झाली. ग्राहकांचा सामूहिक दावा मात्र रेंगाळत २०१८पर्यंत गेला. सदतीस लाख पन्नास हजार डॉलरांवर तो मिटला, माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर. लिनक्सची सोय परत आली नाही.

या गोष्टीतलं मोठं नुकसान कुठल्याच निकालपत्रात मोजलेलं नाही. एकदा पोळलेला माणूस पुढचं प्रत्येक अपडेट फुंकून पितो. आमच्या घरी बाबांचं एकच वाक्य असतं: “चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?” मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरची संगणकं ओलीस धरली, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न लावण्याची कारणं अनेक असतील. पण अपडेटबद्दलचा अविश्वास अशा वेळी किती महागात पडू शकतो, हे तेव्हा दिसलं.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो, की दुरुस्ती आणि कपात एकाच पुडीत बांधू नये. काही काढून घ्यायचंच असेल तर ते वेगळं, आधी आणि स्पष्ट सांगावं, आणि जुनं वापरणाऱ्यालाही सुरक्षेची दुरुस्ती मिळत राहावी. यात खर्च वाढतो, हे मान्य. पण बाबांनी न घाबरता ‘इन्स्टॉल’ दाबावं असं वाटत असेल, तर तो खर्च आमच्याच खात्यावर पडायला हवा.