लिस्बनचं खरकटं आणि डुकराची बोली

या मालिकेत आजवर किल्ले झाले, रणगाडे झाले, एकाहत्तरचं युद्ध झालं. आज डुकरांविषयी बोलणार आहे. इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत आपली मंडळी हे ऐकतात, वाचतात, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत जेवताना हा शब्द काढत नाहीत. तेव्हा जेवणं आटोपून घ्या.

मी सिग्नल्सचा माणूस. नव्वदच्या दशकात दक्षिण मिझोराममध्ये होतो. आमच्या कुंपणाला लागून आसाम रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांचं घर होतं. मागे लाकडी फळ्यांचा, जमिनीपासून उंच बांधलेला डुकरांचा गोठा. रोज संध्याकाळी आमच्या लंगरमधलं उरलंसुरलं दोन पिंपं भरून तिकडे जाई. अन्न वाया जात नाही, शेजारधर्मही होतो, म्हणून आम्ही खूश. डुक्कर म्हणजे त्या घरची मुदतठेव. मुलाची फी भरायची वेळ आली की एक विकायचं, घराला पत्रे घालायचे तर दोन.

मार्च २०२१ मध्ये लुंगलेई जिल्ह्यातल्या लुंगसेन गावात आफ्रिकन स्वाइन फीवर पोचला. काही आठवड्यांनी सुभेदारसाहेबांचा फोन आला. अकरा डुकरं होती, नऊ दिवसांत गोठा रिकामा. रडले नाहीत, फौजी माणूस. फक्त विचारलं, "साब, टीका नहीं है क्या? सुअर-बुखार का टीका तो हम लगवाते थे."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. क्लासिकल स्वाइन फीवर नावाचा वेगळाच रोग आहे, वेगळ्या विषाणूचा. त्याची लस आपल्याकडे १९६४ पासून आहे. ती सशांच्या प्लीहेपासून बनवत, त्यासाठी ससे मारावे लागत. २०२० मध्ये इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशींवर वाढवलेली देशी लस आणली, तेव्हा सशांची त्यातून सुटका झाली. पण आफ्रिकन तापाची लस का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. शोधत गेलो, आणि धागा जाऊन पोचला १९५७ सालापर्यंत.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली लिस्बनला. केनियात १९२१ साली वर्णन झालेला हा रोग तोवर आफ्रिकेबाहेर पडला नव्हता. लिस्बनच्या विमानतळाजवळ विमानांतलं खरकटं डुकरांना घालत. त्यात विषाणू असलेलं मांस आलं आणि रोग युरोपात उतरला. डुकराच्या मांसात हा विषाणू फार काळ तग धरतो. हे वाचलं तेव्हा लंगरची ती दोन पिंपं डोळ्यांसमोर उभी राहिली. आमच्या वेळी हा रोग भारतात नव्हता म्हणून निभावलं. आमची अक्कल त्यात काही नव्हती.

दुसरी गोष्ट लंडनच्या मिल हिलमधली. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्विस पाहुणा जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर उष्णतेने मारलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू सोडला. त्या पडद्यावर नंतर जिवंत विषाणूची मात्रा चालेना. इथवर ठीक. पण त्या तुकड्यांभोवतीचा द्रव काढून नव्या, कोऱ्या पडद्याला दिला, तर तोही सावध झाला! म्हणजे पहिल्या पेशींनी दुसरीकडे निरोप धाडला होता. त्या निरोपाला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन.

सिग्नल्सवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही. चौकीवर हल्ला झाला की चौकी पडण्याआधी वायरलेसवर खबर गेली पाहिजे. शरीरात ती खबर प्रथिनांच्या रूपाने जाते. अशा सगळ्या निरोप्यांना १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी 'सायटोकाइन' हे नाव दिलं. (जनुकं जोडण्याचं तंत्र काढणारेही स्टॅन्ली कोहेन, १९८६ चं नोबेल मिळवणारेही स्टॅन्ली कोहेन. तिघे वेगळे. माझी यात दोनदा फसगत झाली.)

लवकरच एक अडचण ध्यानात आली. एका प्राण्याचा इंटरफेरॉन दुसऱ्या प्राण्याच्या पेशींवर बऱ्याचदा नीट चालत नाही. प्रत्येकाचा कोड वेगळा. इन्शुलिनचं तसं नाही. डुकराचं इन्शुलिन आणि माणसाचं यांत ५१ पैकी एकाच अमिनो आम्लाचा फरक, म्हणून कित्येक दशकं माणसांचा मधुमेह डुकरांनी सांभाळला. पण गॅमा इंटरफेरॉन घ्या, म्हणजे पांढऱ्या पेशींचा लढाईतला खास निरोप. माणसाचा तो निरोप डुकराच्या पेशींना उमगत नाही.

आणि मिळवायचा तरी कसा? हेलसिंकीत कारी कँटेल वर्षानुवर्षं रक्तदात्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा करून त्यातून इंटरफेरॉन काढत. ढीगभर रक्त, चिमूटभर माल, तोही अशुद्ध. १९८० च्या सुमारास झुरिकला चार्ल्स वाइसमान आणि जपानात तादात्सुगु तानिगुची यांच्या गटांनी मानवी इंटरफेरॉनची जनुकं जीवाणूंत बसवली. यालाच रिकॉम्बिनंट म्हणतात: जनुक उचलायचं, जीवाणूच्या गोल डीएनएत शिवायचं, जीवाणू टाकीत वाढवायचा आणि त्याने केलेलं प्रथिन गाळून घ्यायचं. १९८२ मध्ये याच तऱ्हेने केलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं.

म्हणजे डुकराची माणसाच्या सेवेतून मोकळीक सुरू झाली. त्याच्या स्वतःच्या निरोप्यांकडे मात्र कुणी घाईने पाहिलं नाही. पैसा माणसाच्या औषधात होता, आणि प्रयोगाला उंदीर स्वस्त. माणसाच्या जनुकसंचाचा मसुदा २००१ मध्ये आला, उंदराचा २००२ मध्ये. डुकराचा छापून यायला २०१२ उजाडलं. दरम्यान अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत जोअन लनी यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी डुकराची सायटोकाइन्स आणि ती मोजणारी प्रतिपिंडं एकेक करून जमवली. अशा कामाला मथळे मिळत नाहीत. आमच्या खात्यात केबल टाकणाऱ्यांना कधी मेडल मिळाल्याचं आठवत नाही.

त्यातही खाचखळगे. जीवाणूत बनवलेल्या प्रथिनाबरोबर जीवाणूच्या आवरणाचा अंश, एंडोटॉक्सिन, राहून गेला तर त्यानेच पांढऱ्या पेशी खवळतात, आणि आपल्याला वाटतं आपला निरोप पोचला. खोटा सिग्नलच तो. म्हणून पुष्कळदा ही प्रथिनं यीस्टमध्ये करतात. यीस्टला ते आवरण नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी? लस टोचल्यावर डुकराच्या आत काय चाललंय ते कळावं म्हणून. त्याचं रक्त घ्यायचं, पांढऱ्या पेशींना विषाणू दाखवायचा, आणि किती पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात ते ठिपक्यांनी मोजायचं. मोजायला डुकराच्याच गॅमा इंटरफेरॉनला धरणारी प्रतिपिंडं लागतात, आणि मापाला शुद्ध डुकरी प्रथिन. माणसाची किंवा उंदराची फूटपट्टी इथे भरवशाची नाही.

या रोगात ते कळण्याला फार किंमत आहे, कारण हा विषाणू थेट मॅक्रोफेज पेशींत, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायात शिरतो आणि आधी इंटरफेरॉनची तार कापतो. शत्रू असावा तर असा. शिवाय इथे रक्तातली प्रतिपिंडं मोजून भागत नाही. ती असूनही जनावर मरू शकतं, पेशींची फौजही उठावी लागते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमध्ये लाखो डुकरांना दुबळा केलेला जिवंत विषाणू टोचला. कितीतरी जनावरांना न्यूमोनिया झाला, कातडीवर व्रण उठले, गाभ पडले, काही मेली. गॅमा इंटरफेरॉनची पहिली नोंद १९६५ ची. म्हणजे जे मोजायला हवं होतं ते अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही, नकाशा नसताना निघालेली तुकडी होती ती. स्पेनने पुढे रोग घालवला, पण लशीने नव्हे. रक्त तपासून, जनावरं मारून, गोठे सुधारून, आणि तेही १९९५ उजाडेपर्यंत.

२००७ मध्ये विषाणू जॉर्जियात उतरला, २०१८ मध्ये चीनमध्ये, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने तो ओळखला. २०१९ च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरं होती, त्यातली सुमारे २१ लाख एकट्या आसामात. गुवाहाटीजवळ राणीला डुकरांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००२ पासून आहे, म्हणजे आपण अगदी झोपलो होतो असं नाही. व्हिएतनामने २०२२ मध्ये एक जनुक वगळून केलेली लस वापरायला काढली, काही महिन्यांत डुकरं दगावल्यावर थांबवली, आणि तपासून २०२३ मध्ये देशभर खुली केली. साठ वर्षांपूर्वीचा पोर्तुगालचा धडा कुठेतरी लक्षात असावा.

हे सगळं मी सुभेदारसाहेबांना फोनवर सांगितलं, सिग्नल, कोड, तार कापणं अशा फौजी भाषेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "समझ गया साब. मतलब अभी नहीं है." मी म्हटलं, नाही. त्यांनी सांगितलं की मुलाने गोठ्याच्या फळ्या काढून कोंबड्यांसाठी खुराडं केलंय, पण खालचे खांब तसेच ठेवलेत. आणि जवळच्या छावणीतल्या लंगरचं खरकटं आता गावात कुणी घेत नाही.