एवढीशी चकती

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते स्पिटफायरचं. खरं तर १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये जास्त जर्मन विमानं पाडली ती हरिकेननं. पण लंबवर्तुळाकार पंख, निमुळतं अंग... लोक प्रेमात पडले ते स्पिटफायरच्याच. देखणेपणाचा फायदा विमानांनाही होतो, दुसरं काय!

माझ्या मते मात्र ही ओढ नुसत्या रूपामुळे टिकलेली नाही. या विमानांमधला बिघाड आणि त्यावरचा उपाय, दोन्ही आपल्या डोक्यात मावतात. उदाहरण देतो.

दोन्ही विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं आणि त्यात एक भयंकर बग होता. पायलटनं नाक झटकन खाली दाबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं. इंजिनाला आधी पेट्रोल कमी पडायचं, मग एकदम जास्त व्हायचं आणि ते चक्क बंद पडायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ ला होतं फ्युएल इंजेक्शन. ते खुशाल खाली सूर मारून निसटायचं. ब्रिटिश पायलटला आधी विमान उलटं करून मग खाली वळावं लागे. तेवढ्यात शिकार पसार!

कार्ब्युरेटरच बदलायचा तर वेळ लागणार, आणि युद्ध थोडंच थांबणार होतं? फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी भोक असलेली एक छोटी धातूची चकती बनवली. पूर्ण ताकदीवर इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जाणार. १९४१ च्या सुरुवातीला बाई टीम घेऊन विमानतळांवर फिरल्या आणि चकत्या बसवत गेल्या. विमानं सेवेतून काढायची गरजच नाही. आपल्या भाषेत, प्रॉडक्शन चालू ठेवून मारलेला पॅच! दोष पुरता गेला नाही, पण काम भागलं. (याच बाईंनी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मोटारसायकलनं ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारली होती, बरं का.)

त्या कॉकपिटमध्ये बसलेली बरीचशी पोरं विशीतली होती. आपल्या टीममधल्या फ्रेशर्सच्या वयाची. हे विसरून या विमानांवर नुसतं लट्टू होणं मला जमत नाही. त्या चकतीमुळे त्यातली काही घरी परतली असणार.

आजच्या लढाऊ विमानात लाखो ओळींचा कोड असतो. तो अख्खा समजलेला एकही माणूस बहुधा नसेल. स्पिटफायरचं इंजिन का बंद पडायचं, हे मात्र मी जेवताना आईलाही सांगू शकतो.