डेम्प्स्टर मार्गाची पूर्वपीठिका

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील डॉसन सिटीजवळून निघणारा डेम्प्स्टर महामार्ग आर्क्टिक वृत्त ओलांडून मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील इनुविक या गावी पोहोचतो. सुमारे ७३६ किलोमीटरच्या या खडीच्या रस्त्यावर पहिले ३६९ किलोमीटर पेट्रोलपंप नाही. तरीही उन्हाळ्यात जादा टायर आणि इंधनाचे डबे घेऊन अनेक जोडपी या वाटेने उत्तरेकडे जातात. हा रस्ता १९७९ साली खुला झाला असला, तरी ज्या वाटेचा तो वारस आहे ती ग्विचिन या आदिवासी समाजाची असून, कॅरिबू (रानटी रेनडियर) कळपांमागे फिरताना त्या लोकांनी तेथील नद्या आणि खिंडी पारखून ठेवल्या होत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी रॉयल नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस या दलाने डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामध्ये दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टपाल नेणारी गस्त सुरू केली. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन सहकाऱ्यांसह मॅकफर्सनहून निघाले, तेव्हा लवकर पोहोचण्याच्या उद्देशाने त्यांनी शिधा कमी घेतला होता. काही दिवस त्यांना वाट दाखवणाऱ्या इसो जॉर्ज या ग्विचिन वाटाड्याला, पुढचा रस्ता कार्टर या माजी शिपायाला ठाऊक आहे या भरवशावर, त्यांनी परत पाठवले; परंतु कार्टर त्या वाटेने पूर्वी केवळ उलट दिशेने आला असल्यामुळे फॉरेस्ट क्रीक हा ओढा, जेथे वळायचे होते, त्याला सापडला नाही. दिवसामागून दिवस शोधात गेले, जानेवारीच्या मध्यास माघार घ्यावी लागली, गाडीची कुत्री मारून खावी लागली आणि अखेर चौघेही मरण पावले. फिट्झजेराल्ड आणि कार्टर यांचे देह तर मॅकफर्सनपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आढळले. मार्च १९११ मध्ये त्यांचा शोध लावणारे डब्ल्यू. जे. डी. डेम्प्स्टर यांचे नाव महामार्गाला मिळाले. त्या शोधपथकाला वाट दाखवणारे चार्ली स्ट्युअर्ट हे ग्विचिन होते, ही गोष्ट मात्र रस्त्याच्या नावात कोठेही उमटत नाही, आणि हा अन्याय इतिहासकाराने नोंदवलाच पाहिजे.

रस्त्याचे काम १९५९ साली सुरू झाले, ते उत्तरेकडील तेलसाठ्यांच्या आशेने. जॉन डीफनबेकर यांच्या सरकारने खनिजसंपत्तीपर्यंत रस्ते नेण्याचे धोरण आखले होते. पण शंभराहून थोडे अधिक किलोमीटर झाल्यावर काम थांबले आणि १९६८ साली अलास्कातील प्रुडो बे येथे मोठा तेलसाठा सापडल्यानंतरच त्याला पुन्हा चालना मिळाली. मार्ग आखताना ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजाचे जो हेन्री यांचे साहाय्य झाले. ब्लॅकस्टोन नदीच्या परिसरात शिकारीवर जगलेले हेन्री आणि त्यांच्या पत्नी ॲनी यांना तो मुलूख नकाशांवाचून ज्ञात होता.

बांधकामातील खरा प्रश्न जमिनीचा होता. तेथे वरच्या पातळ थराखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली भूमी असते. वरचे शेवाळ खरवडले की उन्हाळ्याची उष्णता आत शिरते, बर्फ वितळते आणि रस्ता खचतो. त्यामुळे जमीन खणून पाया घेण्याची नेहमीची रीत सोडून, शेवाळ तसेच ठेवून त्यावर १.२ ते २.४ मीटर जाडीचा खडीचा थर अंथरण्यात आला, जेणेकरून खालची थंडी खालीच राहावी. पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूल नाहीत: उन्हाळ्यात तराफ्यासारख्या फेरीबोटी चालतात, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून वाहने जातात, आणि नदी गोठण्याच्या व फुटण्याच्या काळात काही आठवडे वाहतूक बंद असते. २०१७ साली इनुविकपासून टक्टोयाक्टुकपर्यंत सुमारे १३८ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याचा भराव मुख्यतः हिवाळ्यात, जमीन घट्ट गोठलेली असताना घालण्यात आला, आणि त्यानंतर मोटारीने आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत बारमाही रस्त्याने जाणे कॅनडात प्रथमच शक्य झाले.