राष्ट्रपतींच्या अंगणाची कुळकथा

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दिल्ली पाहायला निघालेल्या खानदेशी कुटुंबाच्या यादीत लाल किल्ला, राजघाट आणि कुतुबमिनारासोबत राष्ट्रपती भवनाची बाग असतेच. नॉर्थ अव्हेन्यूजवळच्या ३५ क्रमांकाच्या दरवाजातून माणसं आत जातात, गुलाबाचे आणि ट्युलिपचे ताटवे पाहतात, दगडी कालव्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या कडेनं चालतात आणि वर मान करून तो प्रचंड घुमट पाहतात. देशाच्या पहिल्या नागरिकाच्या अंगणात कुणाही नागरिकाला पाय ठेवता येतो. ही रीत आली कुठून? तिची कथा सहसा रायसीना टेकडीवर सुरू होते आणि तिथंच संपते. माझं म्हणणं असं, की वास्तूचं कूळ रायसीनाचं असलं तरी त्या रीतीचं कूळ आपल्या यावल तालुक्यातलं, फैजपूरचं आहे.

आधी रायसीना. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं ठरलं आणि व्हाइसरॉयच्या निवासाचं काम एडविन लुट्येन्स या वास्तुविशारदाकडे आलं. टेकडीवरची आणि आसपासची गावं उठवण्यात आली. १९१२ ते १९२९ अशी सतरा वर्षं बांधकाम चाललं. ३४० दालनं, सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा घुमट, मागे मुघल धाटणीची चौरस आखणी केलेली पंधरा एकरांची बाग. बागेची लागवड विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञानं केली. त्यांचं काम आजही टिकून आहे, आणि ते सुंदर आहे हे मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. पण घराचा हेतू स्पष्ट होता : पाहणाऱ्यानं दुरून पाहावं आणि दबून जावं. १९३१च्या फेब्रुवारीत गांधीजी लॉर्ड आयर्विनशी वाटाघाटी करायला या घराच्या पायऱ्या चढले, तेव्हा लंडनमध्ये चर्चिल संतापले. पंचा नेसलेला एक माणूस बादशहाच्या प्रतिनिधीसमोर बरोबरीच्या नात्यानं बसतो, हेच त्यांना सहन झालं नाही. त्या पायऱ्या कुणी चढायच्या आणि कुणी नाही, याचा हिशोब इतका पक्का होता.

या प्रसंगाला सहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा पूर्व खानदेशात दुसरं एक घर उभं राहत होतं.

काँग्रेसची अधिवेशनं तोवर शहरांत भरत. खेड्यातल्या माणसांच्या नावानं चाललेली चळवळ खेड्यात जाऊन बसली पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह. १९३६च्या अधिवेशनाचा मान महाराष्ट्राकडे आला आणि खानदेशच्या कार्यकर्त्यांनी तो फैजपूरला आणला. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. स्वागताध्यक्ष होते शंकरराव देव. साने गुरुजी गावोगाव हिंडले, माणसं जोडली, निधी गोळा केला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचनं लिहून घेणारे हेच गुरुजी. आता ते वही बाजूला ठेवून शेतकऱ्यांच्या ओट्यांवर बसून देशाची गोष्ट सांगत होते. ज्यांनी कधी मुंबई पाहिली नव्हती अशा गावांना अख्ख्या हिंदुस्थानाचं यजमानपद करायचं होतं. पाणी, दिवाबत्ती, संडास, स्वयंपाक, निवारा, सगळं शून्यातून उभं करायचं. आज एखाद्या तालुक्याच्या गावी मोठं साहित्य संमेलन घ्यायचं म्हटलं तरी आपल्याला घाम फुटतो. त्यावरून त्या माणसांच्या छातीचा अंदाज करावा.

अधिवेशनासाठी उभारलेल्या या नगराला नाव दिलं टिळकनगर. त्याची रचना आणि सजावट करण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. आपण चित्रकार, बांधकाम हे आपलं काम नव्हे, म्हणून नंदबाबू आधी कचरले होते. गांधीजींनी ऐकलं नाही. अट एकच होती : गावात जे मिळतं त्यातून, गावच्या हातांनी, थोड्या खर्चात. मग बांबू, गवत, तट्ट्या, दोर आणि माती यांतून कमानी, मंडप आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुंबईचे वास्तुविशारद म्हात्रे त्यांच्या सोबतीला होते. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन केलं, तेव्हा त्यांनी या दोघांच्या कामाचा आवर्जून गौरव केला. २७ आणि २८ डिसेंबरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. सजवलेल्या रथाला बैल जुंपले होते. आपल्या बैलांनी ओढलेल्या रथात देशाचा पुढारी बसलेला पाहायला सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंतची गावं लोटली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. भाषणांत, घोषणांत, वर्तमानपत्रांत हाच शब्द असे. फैजपूरनंतरच्या वर्षी, नोव्हेंबर १९३७मध्ये, नेहरूंनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात चाणक्य या टोपणनावानं स्वतःवरच कडक टीका करणारा लेख लिहिला, त्याचं शीर्षकही ‘राष्ट्रपती’. म्हणजे ज्या दिवसांत दिल्लीच्या दगडी घरात व्हाइसरॉय राहत होते, त्याच दिवसांत तट्ट्यांच्या नगरात ‘राष्ट्रपती’ मुक्कामाला होते आणि खानदेशचा शेतकरी त्यांना भेटायला, पाहायला, ऐकायला सरळ चालत येत होता. पुढे हरिपुरा, त्रिपुरी, रामगढ अशी अधिवेशनं खेड्यांच्या परिसरात होत गेली. ती वाट फैजपूरनं पाडली.

फैजपूरच्या मंडपात काय ठरलं तेही पाहायला हवं, नाहीतर ही नुसती सजावटीची गोष्ट होईल. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला : शेतसारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या तुकड्यांना खंडातून सूट द्यावी, वेठबिगार बंद व्हावी, किसान संघटनांना मान्यता मिळावी. दुसरीकडे, ब्रिटिशांनी केलेला १९३५चा भारत सरकार कायदा झुगारून भारतीयांनीच निवडलेल्या घटना समितीची मागणी अधिवेशनानं पुन्हा ठणकावून मांडली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९४६मध्ये, अशी घटना समिती बसली. तिनं लिहिलेल्या राज्यघटनेनं भारताच्या राष्ट्रपतीचं पद निर्माण केलं. त्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवण्याचं काम आलं नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे! फैजपूरच्या बांबूच्या कमानी आखणाऱ्या हातांकडेच या पदाला जन्म देणारा ग्रंथ सजवायला गेला. हा धागा मला योगायोग वाटत नाही. गावच्या वस्तूंतून देश कसा दिसतो हे नंदबाबूंनी ज्या मोजक्या ठिकाणी करून पाहिलं, त्यांत फैजपूर होतं.

२६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याच रायसीनावरच्या दरबार हॉलमध्ये शपथ घेतली आणि त्या घराचं नाव राष्ट्रपती भवन झालं. राजेंद्रबाबूंना हा शब्द नवा नव्हता; १९३४च्या मुंबई काँग्रेसचे ते अध्यक्ष, म्हणजे तेव्हाचे ‘राष्ट्रपती’च होते. शब्द चळवळीतून आला आणि साम्राज्याच्या घरावर जाऊन बसला. काँग्रेसच्या प्रमुखासाठी मग ‘अध्यक्ष’ हाच शब्द उरला.

घराचं काय करायचं, हा प्रश्न मात्र खरा होता. गांधीजींनी माउंटबॅटनना साध्या घरात राहायला जाण्याचं सुचवलं होतं. त्या प्रासादाचं रुग्णालय व्हावं अशी त्यांची इच्छा होती. तसं झालं नाही, आणि त्याची खंत वाटणारी माणसं आजही आहेत. पण राहणाऱ्यांनी घर थोडंथोडं बदललं. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून राहायला आले ते व्हाइसरॉयचं भव्य दालन सोडून लहान खोल्यांत. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत त्यांनी आवारात गहू पिकवला. राजेंद्रबाबूंच्या काळात बाग दरवर्षी लोकांसाठी उघडू लागली. डॉ. कलाम यांनी औषधी वनस्पतींची बाग केली आणि अंध पाहुण्यांसाठी स्पर्शाची बाग केली. प्रणव मुखर्जींच्या काळात संग्रहालय झालं. २०२३ साली मुघल गार्डन हे नाव जाऊन अमृत उद्यान आलं.

या साखळीत एक कडी थेट आपल्या घरची आहे. बोदवडजवळच्या नाडगावला १९ डिसेंबर १९३४ रोजी प्रतिभाताई पाटील यांचा जन्म झाला. फैजपूरचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यातली ही मुलगी आठच दिवसांपूर्वी दोन वर्षांची झाली होती. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या शिकल्या, टेबल टेनिस गाजवलं, जळगावच्या कोर्टात वकिली केली. १९६२ साली सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावहून आमदार झाल्या. पुढे १९८५पर्यंत एदलाबादचं, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचं, प्रतिनिधित्व त्यांनी केलं. २५ जुलै २००७ रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि पाच वर्षं त्या ३४० दालनांच्या घरात राहिल्या. त्यांच्या कारकिर्दीबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि ती असणारच. पण एदलाबाद तालुक्यात मतं मागत फिरलेली बाई त्या पायऱ्यांवर यजमान म्हणून उभी राहते, तेव्हा चर्चिलच्या हिशोबाचं शेवटचं पान फाटलेलं असतं. ते फाडायला सुरुवात फैजपूरच्या शेतात झाली होती.

टिळकनगर अधिवेशनानंतर उतरवलं गेलं. ते टिकावं म्हणून बांधलेलंच नव्हतं. त्यामुळे रायसीनाला दाखवण्यासारखं खूप आहे आणि फैजपूरला सांगण्यासारखं. सांगणारी माणसंही आता संपत चालली आहेत. खानदेशातल्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे : मुलांना दिल्लीची सहल जरूर घडवा, पण त्याआधी एक दिवस फैजपूरला न्या, धनाजी नानांचं खिरोदा दाखवा, नंदलाल बोस यांनी इथं काय केलं ते सांगा. नगराच्या आखणीची एखादी प्रतिकृती बांबू-तट्ट्यांतून मुलांकडूनच करून घ्या. भुसावळहून पंजाब मेलनं दिल्लीला निघालात, की तापी ओलांडल्यावर थोड्याच वेळात सावदा स्टेशन मागे पडतं. फैजपूर तिथून जवळच आहे.