अमृतानुभव
ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र तत्त्वचिंतनपर ओवीबद्ध ग्रंथ. ‘अनुभवामृत’ हेही त्याचे नाव. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यावर, गुरू निवृत्तिनाथांच्या प्रेरणेने तो रचला, अशी परंपरा आहे. प्रकरणे दहा, ओव्या आठशेच्या आसपास. सातवे, अज्ञानखंडनाचे प्रकरण सर्वांत मोठे असून वाचकाचा खरा कस तिथेच लागतो. आत्मा स्वयंप्रकाश असेल तर त्याला झाकणारे अज्ञान राहील कुठे, हा प्रश्न ज्ञानेश्वर चहूबाजूंनी लावून धरतात. आणि अज्ञानच नाही म्हटल्यावर त्याला घालवणारे ज्ञान तरी कशाला? म्हणून आठव्यात तेही निकालात निघते. आनंदाचा विचार पाचव्या प्रकरणात येतो: जिथे केवळ सुखच आहे, तिथे ते भोगणारा वेगळा उरत नाही. कोरडे अद्वैत मात्र ज्ञानेश्वरांना रुचत नाही. नवव्या प्रकरणात, एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि भक्तपरिवार कोरावा तसा, अद्वैतातच भक्तीचा व्यवहार संभवतो असे ते दाखवतात. रोजचे बोलणे-चालणे हीच मग पूजा ठरते. ज्ञानेश्वरीच्या मानाने ग्रंथ कमी वाचला जातो. टीकेविना तो उलगडणे अवघडच. शिवकल्याणांची ‘नित्यानंदैक्यदीपिका’ ही त्यावरील प्रसिद्ध जुनी टीका.