भयपटांतील बाहुली

भयपटांतील बाहुली : भयपटातील निर्जीव, मानवाकृती बाहुली किंवा बाहुला. तिची भीती केवळ रूपातून येत नाही; ती कोणाच्या इच्छेने वागते याविषयीच्या संशयातून येते. वस्तू सजीव की निर्जीव हे ठरवता न आल्यास मन अस्वस्थ होते, असे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट येंच यांनी १९०६ मध्ये मांडले. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या ब्रिटिश चित्रपटात शब्दभ्रमकाराचा बाहुला ह्यूगो मालकावरच हुकमत गाजवू लागतो. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) गुंड तात्या विंचूचा आत्मा नायक लक्ष्याच्या बाहुल्यात शिरतो आणि खेळातला बाहुला धमक्या देऊ लागतो.

जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांच्या १९७० च्या सिद्धांतानुसार जवळजवळ माणसासारखी पण किंचित चुकलेली आकृती विचित्र वाटते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. ‘झपाटलेला’तला बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला, त्यांच्याच हातातला बोलका बाहुला अर्धवटराव उलट उत्तरे देतो, तरी प्रेक्षक हसतात, कारण बोलविता धनी शेजारीच बसलेला असतो. पिंगुळी गावच्या कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्याही प्रेक्षकांना ठाऊक असतात. मुले बाहुलीला घाबरत नाहीत, हा आक्षेपही इथेच सुटतो : खेळात बाहुलीची इच्छा मूलच ठरवते. भयपट हा सूत्रधार काढून घेतो आणि हालचालीची शक्यता मात्र तशीच ठेवतो. म्हणून ‘ॲनाबेल’ (२०१४) मधली बाहुली नुसती बसून राहिली, तरी प्रेक्षक तिच्यावरून नजर काढू धजत नाही.