राष्ट्रीय दिन, स्कँडिनेव्हियन
राष्ट्रीय दिन, स्कँडिनेव्हियन : नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या शेजारी देशांचे राष्ट्रीय उत्सव. तिन्ही देशांच्या भाषा परस्परांस निकटच्या असून ल्यूथर पंथाचा वारसाही समान आहे. १३९७ च्या काल्मार संघाने ते एका राजसत्तेखाली आले होते. तरीही त्यांच्या राष्ट्रीय दिनांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. या भेदाचे कारण लोकांच्या उपजत स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. तथापि त्याचा उलगडा मुख्यतः इतिहासातून होतो.

नॉर्वे : १८१४ च्या कील तहाने डेन्मार्कने नॉर्वे स्वीडनच्या राजास दिला. तो नाकारून नॉर्वेच्या प्रतिनिधींनी आइड्सव्हॉल येथे संविधान तयार केले व १७ मे १८१४ रोजी राजा निवडला. त्याच वर्षी स्वीडनशी संयोग मान्य करावा लागला. परंतु संविधान बव्हंशी टिकले. चौदावा कार्ल योहान या राजास १७ मेचा उत्सव रुचत नसे. १८२९ मध्ये राजधानी क्रिस्तियानिया (सध्याचे ऑस्लो) येथे जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आले. या प्रसंगानंतर कवी हेन्रिक व्हेर्गेलान याचे नाव या दिवसाशी कायमचे जोडले गेले. १८७० पासून राजधानीत शाळकरी मुलांची मिरवणूक निघू लागली. १८८९ मध्ये मुलींनाही तीत प्रवेश मिळाला. जर्मन अंमलात (१९४०–४५) उत्सवास बंदी होती. आजही सैनिकी संचलनापेक्षा मुलांची मिरवणूक, वाद्यवृंद व प्रादेशिक लोकवेश यांनाच प्राधान्य असते. स्वीडनशी संयोग संपल्याचा दिवस (७ जून १९०५) मात्र एवढ्या थाटाने साजरा होत नाही.

डेन्मार्क : ५ जून १८४९ रोजी सातव्या फ्रेडरिक राजाने संविधानावर स्वाक्षरी केली. स्त्रियांना संसदीय मताधिकार देणारी १९१५ ची दुरुस्ती व १९५३ चे संविधान यांसाठीही हीच तारीख निवडण्यात आली. या दिवशी उद्यानांत सभा भरतात व विविध पक्षांचे पुढारी भाषणे करतात. ४ मेच्या सायंकाळी, १९४५ च्या मुक्ततेच्या स्मरणार्थ, अनेक घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या जातात.

स्वीडन : ६ जून १५२३ रोजी गुस्ताव्ह व्हासा राजपदी निवडला गेला व १८०९ मध्ये याच तारखेस नवे संविधान आले. १९१६ पासून पाळला जाणारा ध्वजदिन १९८३ मध्ये राष्ट्रीय दिन झाला. २००५ मध्ये त्यास सार्वजनिक सुटीचा दर्जा मिळाला व त्यासाठी एक धार्मिक सुटी रद्द करण्यात आली. नव्या नागरिकांचे स्वागत अनेक नगरपालिका या दिवशी करतात. तथापि लोकांच्या खऱ्या उत्साहाचा सण म्हणजे जूनमधील मध्यग्रीष्मोत्सव होय. त्यात फुलापानांनी सजविलेल्या खांबाभोवती नृत्य केले जाते.

परक्या सत्तेखाली १७ मे पाळणे हे नॉर्वेजियनांच्या दृष्टीने हक्काचे प्रतिपादन होते. व्हासाच्या काळापासून स्वतंत्र असलेल्या स्वीडनला तसा प्रसंग आला नाही. डेन्मार्कमध्ये संविधान राजाने दिले व पुढे लोकांनी वाढविले, म्हणून तेथील दिन वादविवादाचा राहिला. कायद्याने सुटी देता येते. तीमागची आस्था मात्र पिढ्यांच्या अनुभवातून येते. यास्तव ज्याला राष्ट्रीय स्वभाव म्हणतात, तो बहुधा अशा अनुभवांचा संचय असतो.